वाळूत जगणारी झुडपं बियांपासून वाढवताना

रोपं न्यायला येणारी मंडळी पहिला प्रश्न उंचीचा विचारतात. "दीड फुटाची आहेत का? दोन फुटांची नाहीत?" रस्त्याकडेला किंवा बागेत लावायच्या झाडांसाठी हा प्रश्न ठीक आहे. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर जायच्या झुडपांबद्दल कुणी तो विचारला, की मी एक पिशवी आडवी करून रोप अलगद बाहेर काढते आणि मुळं दाखवते. वर वीतभर रोप आणि खाली त्याच्या दुप्पट लांबीचं सरळ मूळ, एवढंच मला हवं असतं. वर काय दिसतंय ते वाळूत गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पार बदलून जातं. टिकतं ते खालचं.

वाळूत पाणी धरून ठेवायला काही नाही. पाऊस पडला की तो सरळ खाली जातो. उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्या वाळूचा वरचा थर ६० अंश सेल्सियसच्याही पुढे तापू शकतो. लाटांच्या फेसातून उडालेलं मीठ वाऱ्याबरोबर पानांवर येऊन बसतं आणि पानांच्या कडा करपवतं. शिवाय वाळू एका जागी राहत नाही. आज बुंध्याशी असलेली वाळू पुढच्या महिन्यात अर्धं रोप गाडते, नाहीतर मुळं उघडी पाडते. पण याच टेकडीत हातभर खणून बघा, खालची वाळू बहुतेक वेळा ओलसर लागते. वरचा कोरडा थर खालच्या ओलीवर झाकण धरून बसलेला असतो. त्या ओलीपर्यंत मूळ पोचलं तर रोप जगतं, नाही पोचलं तर वर कितीही हिरवंगार असो, ते जगत नाही. मी नर्सरीत जे काही करते, बी निवडण्यापासून पाणी तोडण्यापर्यंत, ते सगळं या एका गोष्टीसाठी.

टेकडीच्या अगदी पुढच्या बाजूला, भरतीच्या रेषेच्या मागे, मर्यादवेलीसारख्या सरपटणाऱ्या वेली आणि गवतं असतात. त्यांच्या मागे झुडपं, आणि झुडपांच्या आडोशाला मग झाडं. मधला झुडपांचा पट्टा नेहमी दुर्लक्षित राहतो. वेली आपल्या आपण पसरतात आणि झाडं लावायला सगळ्यांना आवडतं, पण वाऱ्याबरोबर येणारी वाळू अडवून टेकडी उंच करायचं काम बऱ्याच अंशी ही अंगाने आडवी, दाट, कमरेएवढी झुडपं करतात. वाळूने गाडली गेली तर त्यातली बरीचशी खोडालाच नवीन मुळं फोडतात आणि पुन्हा वर येतात. मला त्यांच्याबद्दल विलक्षण आदर आहे.

माझ्या वाफ्यांवर असतात ती मुख्यतः हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर सापडणारी: सागरगोटा, वनजाई, तीन पानांची समुद्रकाठची निर्गुंडी म्हणजे विटेक्स ट्रायफोलिया, अर्धवट फाडल्यासारखं पांढरं फूल येणारी स्कॅव्होला टक्काडा, कागदी पंखांची फळं येणारी डोडोनिया विस्कोसा, आणि माळेतल्या मण्यांसारख्या शेंगा धरणारी पिवळ्या फुलांची सोफोरा टोमेंटोसा.

यातली वनजाई आणि स्कॅव्होला फांदीपासून सहज लागतात. पावसाळ्यात छाटे खोचले की महिना-दीड महिन्यात रोप तयार. म्हणून बऱ्याच नर्सऱ्या बियांच्या वाटेला जातच नाहीत. मला ते पटत नाही. एका झुडपाच्या शंभर फांद्या लावल्या तर कागदावर शंभर रोपं दिसतात, पण झुडूप एकच असतं. त्याला जो रोग सोसणार नाही तो शंभरांनाही सोसणार नाही. बियांपासून आलेली रोपं दिसायलाही सारखी नसतात. एकाच ट्रेमध्ये एक लवकर फुटतं, एक उशिरा, एकाची पानं जाड, एकाची पातळ. विकायला ही तफावत अडचणीची वाटते. किनाऱ्यावर मात्र एखादं वर्ष कोरडं जातं, एखाद्या वर्षी वादळ येतं, तेव्हा प्रत्येक वेळी कुणी ना कुणी तगावं म्हणून तीच हवी असते.

बी गोळा करायला परवानगी घेऊनच जायचं, आणि पिशव्यांबरोबर पेन्सिल न्यायची. शाईची अक्षरं दमट हवेत फिसकटतात, पेन्सिलची टिकतात. मिलेनियम सीड बँकेसारख्या मोठ्या बियाणे पेढ्या जो नियम पाळतात तोच मी धरून चालते: त्या दिवशी पिकलेलं जेवढं बी झुडपांवर आहे त्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि जमलं तर निदान ५० वेगवेगळ्या झुडपांवरून थोडं थोडं घ्यायचं. उरलेलं पक्ष्यांचं, खेकड्यांचं आणि त्या टेकडीचं. एकाच लदबदलेल्या झुडपाखाली बसून पिशवी भरण्याचा मोह होतो, पण मग तो पुन्हा छाट्यांसारखाच प्रकार झाला.

भरतीने आणून टाकलेल्या बिया मी रोपांसाठी घेत नाही. वाळूवर सागरगोटे पडलेले दिसले की हात आपोआप जातो, पण ते कुठल्या किनाऱ्यावरून आले हे सांगता येत नाही. ज्या टेकडीवर रोपं जायची तिथलं किंवा तिच्या शेजारचं बी, हा माझा आग्रह आहे. लेबलवर झुडपाचं नाव, जागा, तारीख आणि किती झुडपांवरून घेतलं हे लिहिलेलं नसेल, तर ती पिशवी मी पेरत नाही.

पिकल्याची खूण प्रत्येकाची निराळी. स्कॅव्होलाचं फळ हिरव्याचं पांढरंशुभ्र होतं आणि बोट लावताच सुटून येतं. ओढावं लागलं तर ते अजून तयार नाही. विटेक्सची गोल फळं वाटाण्यापेक्षा लहान, काळी पडतात आणि चुरगळली की औषधी वास येतो. डोडोनियाचे पंख तपकिरी होऊन खुळखुळायला लागले की दोन-चार दिवसांत गाठायचं, नाहीतर वारा घेऊन जातो. वनजाईचं फळ वाळल्यावर चार फोडींमध्ये सुटतं, प्रत्येक फोडीत एक बी. सागरगोट्याची काटेरी शेंग वाळून तोंड उघडते आणि आत एक-दोन राखाडी गोटे तसेच चिकटून असतात. शेंगेपेक्षा वेलीसारख्या पसरलेल्या फांद्यांचे आकडे जास्त त्रास देतात. जाड हातमोजे आणि लांब बाह्या लागतातच.

बियाणं चांगलं की पोचट हे ओळखायला सगळीकडे एक सोपी परीक्षा शिकवतात: पाण्यात टाका, बुडेल ते ठेवा, तरंगेल ते फेका. भाताला, भाज्यांना ती लागू पडते. समुद्रकाठच्या बियांना ही परीक्षा लावली तर आपण नेमकं चांगलं बीच फेकून देतो. या झुडपांचा पसारा मुळात तरंगण्यावर उभा आहे. स्कॅव्होलाच्या आठळीभोवती बुचासारखा हलका थर असतो. वनजाईच्या फोडी तशाच हलक्या. सागरगोट्याच्या आत दोन डाळिंब्यांच्या मध्ये पोकळी असते आणि त्या हवेवर तो समुद्र ओलांडतो.

डार्विनने १८५० च्या दशकात घरच्या घरी बिया खाऱ्या पाण्यात ठेवून हे तपासलं होतं. ८७ जातींपैकी ६४ जातींचं बी २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजलं, आणि काही तर १३७ दिवस टिकलं. त्याची दुसरी नोंद नर्सरीवाल्यांना जास्त उपयोगाची आहे: पिकलेले ताजे हेझलनट लगेच बुडाले, पण तेच वाळवल्यावर ९० दिवस तरंगले आणि नंतर लावल्यावर उगवले. म्हणजे बुडणं किंवा तरंगणं हे बऱ्याचदा बी किती वाळलंय एवढंच सांगतं, आतल्या गर्भाबद्दल काही सांगत नाही. सागरगोट्याचं उदाहरण तर आणखी लांबचं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेल्या बीपासून वाढवलेल्या झाडाचं चित्र जोसेफ बँक्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाकडे आलं होतं आणि ते झाड निःसंशय सागरगोटा होतं, असं रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये लिहून ठेवलंय. त्या किनाऱ्यावर सागरगोटा होत नाही. अटलांटिक ओलांडून आलेलं ते बी जिवंत होतं.

म्हणून मी कापून बघते. प्रत्येक पिशवीतून मूठभर बिया काढायच्या, चिमट्याने धरायच्या आणि धारदार पात्याने मधोमध कापायच्या. चांगल्या बीचा आतला भाग घट्ट, पांढरा किंवा फिकट हिरवा आणि ताजा दिसतो. तपकिरी, सुरकुतलेला किंवा पीठ झालेला असेल तर ते गेलेलं. अळीचं बारीक भोक बाहेरून दिसतही नाही, कापल्यावर आत भुसा सापडतो. विटेक्सच्या फळात चार कप्पे असतात आणि बऱ्याचदा त्यातले एक-दोनच भरलेले असतात. हे आधी कळलं तर किती पेरायचं याचा अंदाज येतो आणि नंतर ट्रेला दोष द्यायची वेळ येत नाही.

बी लगेच पेरायचं नसेल तर सावलीत, वारा लागेल असं पसरून वाळवायचं. उन्हात कधीच नाही. साठवणुकीचा एक जुना ठोकताळा आहे, हॅरिंग्टनचा म्हणून ओळखला जातो: बीमधली ओल १ टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५.६ अंश सेल्सियसने खाली आणलं तरी दुप्पट. वाळवणं सोसणाऱ्या बियांनाच तो लागू आहे. सागरगोटा, सोफोरा, डोडोनिया या सोसणाऱ्यांतल्या, त्या घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षानुवर्षं राहतात. गर असलेल्या फळांचं बी मी साठवत बसत नाही. गर काढून, धुऊन, त्याच हंगामात पेरते.

आता कवच. बियाणं झोपलेलं असण्याची कारणं वेगवेगळी असतात. कॅरोल आणि जेरी बास्किन या दांपत्याने त्यांची पाच गटांत जी मांडणी केली आहे, ती समजून घेतली तर नर्सरीतला निम्मा गोंधळ संपतो. माझ्या कामाला त्यातले दोन गट पुरतात. एक, कवचातून पाणीच आत शिरत नाही. दोन, पाणी शिरतं पण आतला गर्भ अजून निघायला तयार नसतो. पहिल्याला खरवडावं लागतं, दुसऱ्याला थांबावं लागतं. दुसऱ्याला खरवडलं तर ते कुजतं. पहिल्यापुढे नुसतं थांबलं तर वर्ष वाया जातं.

सागरगोटा पहिल्या गटातला, आणि त्याच्याइतकं चिवट कवच मी दुसरं पाहिलं नाही. हातात घेतला की गार आणि वजनाला हलका लागतो. राखाडी, गुळगुळीत, जवळून बघितलं तर अंगावर केसाइतक्या बारीक आडव्या रेघा. एका टोकाला फिकट ठिपका असतो, तिथे तो शेंगेला चिकटलेला असतो. गर्भाचं मूळ या ठिपक्याच्या बाजूला असतं, म्हणून ती बाजू सोडायची. विरुद्ध बाजू कानशीवर घासायची. आधी राखाडी पापुद्रा जातो, मग खाली गडद तपकिरी थर लागतो आणि कानशीचा आवाज बदलतो, करकर थांबून घोगरा होतो. तिथून पुढे सावकाश. फिकट पिवळसर ठिपका दिसला की हात थांबवायचा, एक घासही जास्त नको. मग साध्या गार पाण्यात ठेवायचा. कवच नीट उघडलं असेल तर दोन-तीन दिवसांत गोटा फुगून दीडपटीच्या आसपास होतो, चकाकी जाते आणि कवच नखाने दबतं. जो फुगला नाही तो पुन्हा कानशीवर. आमच्या नर्सरीतल्या काकू हे काम माझ्यापेक्षा सुबक करतात. सोफोराच्या बिया लहान असल्याने त्यांना कानस चालत नाही, त्या पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये धरून चोळायच्या किंवा नेलकटरने कडेचा एक कण काढायचा. ॲसिडमध्ये बुडवायची पद्धत आहे, मोठ्या प्रमाणावर वापरतातही, पण जिथे माणसं उघड्या हातांनी काम करतात तिथे मी ॲसिड आणणार नाही.

डोडोनियाचं कवचही पाणी अडवतं, पण बी इतकं बारीक की खरवडणं अशक्य. त्याला गरम पाणी मानवतं. पाणी उकळून भांडं खाली उतरवायचं, बी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यात सोडायचं आणि पाणी निवेपर्यंत रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी जे फुगलं ते पेरायचं. बी विस्तवावर उकळत ठेवायचं नाही, त्याने ते शिजतं.

स्कॅव्होलाचा गर हाताने चोळून काढावा लागतो, मग आठळ्या चाळणीवर जोरदार पाण्याखाली धुवायच्या आणि दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवायच्या, पाणी रोज बदलून. किनाऱ्यावरचं बी खाऱ्या पाण्यात असताना रुजत नाही, मीठ त्याला पाणी ओढू देत नाही. पाऊस येऊन वाळूतलं मीठ धुऊन नेतो तेव्हा ते निघतं. धुणं म्हणजे त्या पहिल्या पावसाचीच सोय. वनजाईलाही असंच करते.

विटेक्स मात्र वाट बघायला लावते. फळं तशीच पेरायची, फोडून बी वेगळं काढायच्या भानगडीत पडायचं नाही, आत चार कप्पे असल्याने एका फळातून दोन रोपंही येतात. ती कधी येतील हे सांगता येत नाही. काही लवकर, काही हंगाम उलटून गेल्यावर. "ताई, एक डोकं वर नाही अजून, ट्रे रिकामा करू का?" असं काकू विचारतात तो ट्रे नेहमी विटेक्सचाच असतो. "राहू द्या काकू, ओल तेवढी मोडू नका," एवढंच मी म्हणते. ट्रेवर पेरल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, आणि एक पावसाळा पूर्ण होईपर्यंत तो हलवायचा नाही असं आमच्यात ठरलेलं आहे.

थंड प्रदेशांतल्या किनाऱ्यांवरची गणितं वेगळी आहेत आणि वाचताना मला फार आवडतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बेबेरी झुडपाच्या बियांवर मेणाचा थर असतो, तो चोळून काढून मग बी तीन महिने ओलसर थंडीत ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत डी लांगे आणि बूशे या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या एका झुडपाच्या बिया नुसत्या धुराने जाग्या होतात, आग लागायची गरज नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात त्या धुरातलं नेमकं रसायनही सापडलं. प्रत्येक बी आपल्या किनाऱ्याचा हंगाम ओळखून असतं, आपण फक्त तो हंगाम त्याला नर्सरीत दाखवायचा.

पेरायला मी जाड, धुतलेली नदीची वाळू आणि कोकोपीट घेते, वाळू जास्त. टेकडीवरची वाळू उचलून आणणं मला मान्य नाही, जी टेकडी सावरायची तिचीच वाळू कशी उपसायची? बी आपल्या जाडीच्या दीड-दोन पट खोल. डोडोनिया तर नुसती भुरभुरवून वर वाळूचा पातळ थर. झारीने सकाळी एकदा पाणी. संध्याकाळी पाणी घातलेली रोपं रात्रभर ओली राहतात आणि कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. ही बुरशी एकदा ट्रेमध्ये शिरली की औषधापेक्षा पाणी कमी करणं आणि वारा खेळता ठेवणंच उपयोगी पडतं. वाळूतल्या झुडपांना दमट, बंद जागा मुळातच सोसत नाही.

पहिली खरी पानं दिसली की लगेच प्रत्येक रोप वेगळं करून पिशवीत लावायचं. मुळं ट्रेच्या तळाला टेकून वळायच्या आधी. एकदा मूळ वळलं की वळणं हीच त्याची सवय होते, आणि वाळूत गेल्यावरही ते खाली न जाता आपल्याभोवतीच फिरत राहतं. उथळ, रुंद पिशव्या मी वापरतच नाही. अरुंद आणि खोल पिशव्या, किंवा आत उभ्या कडा असलेले रूट ट्रेनर, ज्यांचा तळ उघडा असतो. ते जमिनीवर नाही, जाळीच्या मांडवावर ठेवायचे. तळातून बाहेर आलेलं मूळ हवेत सुकतं आणि वर नव्या मुळांना फाटे फुटतात. जमिनीवर ठेवलेल्या पिशवीतून मूळ खाली जमिनीत शिरतं, रोप जोमाने वाढताना दिसतं, आणि उचलायच्या दिवशी ते मूळ तटकन तुटतं. ट्रकमध्ये चढवताना ताजंतवानं दिसलेलं रोप किनाऱ्यावर पोचेपर्यंत मान टाकतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पिशवीच्या मिश्रणात मातृझुडपाखालची चिमूटभर वाळू घालते, बाकी सगळं स्वच्छ ठेवून. वाळूत अन्नद्रव्यं फारच थोडी असतात आणि या झुडपांच्या मुळांना ती मिळवून देतात मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशा. सोफोरासारख्या शेंगवर्गीय झुडपाच्या मुळांवर हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. निर्जंतुक मिश्रणात वाढलेल्या रोपाला हे सोबती नसतात. पण ही चिमूट पेरणीच्या ट्रेमध्ये नाही, वेगळं केल्यावरच. नाहीतर सोबत्यांबरोबर नको ते रोगही कोवळ्या रोपांत जातात.

खत अगदी हात राखून. नायट्रोजन दिला की पानं मोठी, मऊ, गडद होतात, गिऱ्हाईक खूश होतं. तेच पान खाऱ्या वाऱ्यात सर्वांत आधी करपतं. मुळांपेक्षा पानांचा पसारा जास्त झाला तर उडून जाणारं पाणी खालून भरून निघत नाही. लावणीच्या दोन-तीन महिने आधी मी खत बंद करते, शेडनेट काढून घेते, रोपं उघड्या वाऱ्यात ठेवते आणि पाण्यातलं अंतर वाढवत नेते. पानं दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरली पाहिजेत. मग मिठाची सवय. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एक भाग समुद्राचं पाणी आणि नऊ भाग गोडं पाणी असं पानांवर फवारून सुरुवात करायची, मग हळूहळू प्रमाण वाढवायचं. मुळांशी नाही, पानांवरच. पानं जाडसर होतात, लहान राहतात, रंग फिकटतो. दिसायला रोपं तेव्हा अगदीच सामान्य असतात. माझ्या दृष्टीने ती तयार असतात.

स्थानिक बियांचा माझा हट्ट काहींना अति वाटतो. "वाळूच तर धरायची आहे, जे लवकर वाढतं ते लावा," असं म्हणणारे भेटतात. लवकर वाढणारं लावून काय होतं ते जगातल्या किनाऱ्यांनी पाहिलंय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या टेकड्यांवर १९४६ ते १९६८ या काळात दक्षिण आफ्रिकेतलं बिटू बुश हे झुडूप वाळू धरायला मुद्दाम लावलं गेलं. आज ते तिथल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे आणि ते काढायला वर्षानुवर्षं माणसं राबतायत. आणि दक्षिण आफ्रिकेने काय केलं होतं? केप टाउनजवळच्या केप फ्लॅट्स या सपाट भागातली उडती वाळू बांधायला एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या अकेशिया, म्हणजे बाभळीसारखी झाडं, आणून लावल्या. त्यांनी तिथली मूळ झुडपं मागे सारली, आणि त्यांचं बी जमिनीत इतकी वर्षं जिवंत राहतं की झाड तोडलं तरी काम संपत नाही. दोन देशांनी एकाच कामासाठी एकमेकांची झुडपं नेली, आणि दोन्हीकडे आपापली उत्तम झुडपं होतीच.

विटेक्स रोटंडिफोलिया ही आशियाई किनाऱ्यांवरची गुणी वनस्पती. १९८९ च्या ह्युगो वादळानंतर अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनामध्ये टेकड्या सावरायला ती लावली. तिने तिथलं मूळ गवत दाबून टाकलं आणि कासवं अंडी घालतात त्या वाळूवरही ती पसरली. मी जिव्हाळ्याने वाढवते ती स्कॅव्होला टक्काडाच फ्लोरिडात आक्रमक ठरली आहे, तिथे स्कॅव्होला प्लुमिएरी ही तिथली स्वतःची बहीण असताना. झुडपाचा यात काहीच दोष नाही. ज्या गुणांसाठी मी तिला सकाळ-संध्याकाळ बघते, तेच गुण परक्या किनाऱ्यावर दुसऱ्याची जागा घेतात. म्हणून कुणी लांबच्या किनाऱ्यावर न्यायला रोपं मागितली, तर तिथलं बी कसं गोळा करायचं आणि कसं रुजवायचं हे मी तासभर बसून सांगेन, पण रोपं देणार नाही.

लावणी पावसाने वाळू चांगली हातभर भिजवल्यावरच. खड्डा रोपाच्या पिशवीपेक्षा बराच खोल, आणि रोप इतकं खाली बसवायचं की खालची एक-दोन पेरं वाळूत जातील. इतर झाडांना खोड गाडलेलं चालत नाही, पण स्कॅव्होला, वनजाई, विटेक्स यांना ते हवंच असतं, गाडलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि रोप हलत नाही. वरचा भाग कोरड्या वाळूच्या थरात राहतो, मुळांचा गोळा ओलीत. खड्ड्यात शेणखत किंवा माती भरायची नाही, मुळं त्या मऊ खिशातच राहतात आणि बाहेरच्या वाळूत जायला तयार होत नाहीत. वाऱ्याच्या बाजूला वाळलेल्या फांद्या तिरक्या खोचायच्या, पहिला हंगाम त्या आडोसा देतात आणि वाळूही अडवतात. ओळीत लावू नका, तीन-चार रोपांचे पुंजके करा, मध्ये मोकळी जागा सोडा, आणि पुढच्या वेलींवर पाय देऊ नका.

पहिल्या पावसाळ्यानंतर रोपाने वर काहीच वाढ दाखवली नाही तर घाबरून खत घालायला जाऊ नका. बुंध्याशी बोट घालून बघा, रोप किंचित हलवून बघा. घट्ट बसलेलं असेल तर ते खाली कामात आहे. मोजणी पहिला उन्हाळा संपल्यावर करायची, आणि ती मोजणी लेबलवरच्या जागेसकट, तारखेसकट वहीत उतरवायची, म्हणजे कुठल्या टेकडीचं बी कुठे जगलं हे पुढच्या गोळा करणाऱ्याला कळेल. रिकाम्या पिशव्या मात्र लावणीच्या दिवशीच मोजून परत आणायच्या, जेवढ्या नेल्या तेवढ्या.